हात चौकटीत येऊ द्या

माझ्या थोरल्या आत्याचं बोलणं मी पहिल्यांदा व्हिडिओवर घेतलं तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात तिला खुर्चीवर बसवलं, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल असं पाहिलं, मोबाइल ट्रायपॉडवर लावला आणि तिच्या माहेरच्या पहाटांबद्दल विचारलं. ती चाळीस मिनिटं बोलली. कितव्या कोंबड्याला उठायचं, जात्यावर कोण कोणासमोर बसायचं, सणाच्या आदल्या दिवशी किती पायल्या दळायच्या, सगळं सांगितलं. पुण्याला परत येऊन मी ते पाहायला बसलो. चेहरा स्वच्छ होता, आवाजही स्वच्छ होता, पण तिचे खांदे एकसारखे हलत होते. बोलता बोलता ती सारा वेळ दळत होती. उजव्या हाताने खुंटा फिरवत होती, डाव्या हाताने वैरण घालत होती. ते दोन्ही हात माझ्या चौकटीच्या खाली राहून गेले होते.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी घरातल्या, नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच वृद्धांशी असं बोललो. या कामाबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं त्या हुकलेल्या हातांनी शिकवलं आहे.

आपल्याकडे कॅमेऱ्याची वाण नाही. आजी-आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला चार-चार तासांचं चित्रीकरण होतं. औक्षण, हार, जेवणाच्या पंगती, पाहुण्यांचे नमस्कार, सगळं त्यात असतं. हजार चंद्र पाहिलेलं ते माणूस मात्र त्या चार तासांत एक वाक्यसुद्धा बोललेलं नसतं. कोणी त्याला काही विचारलेलंच नसतं. ऐंशी वर्षं आणि वर काही महिने जगलेल्या माणसाच्या भोवती सगळं गोत जमलेलं असताना त्याला मधे बसवून नुसती फुलं उधळावीत, याचं मला फार वाईट वाटतं.

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण शाळेत शिकतो आणि ‘काम अंगावर पडलं की जमतं’ असा अर्थ लिहून पुढे जातो. पण म्हण शब्दशः खरी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोन अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत गेलं आणि महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या कागदावर उतरल्या. पुढे नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रणही झालं. तोवर गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या होत्या आणि जाती परसात पालथी पडली होती. गिरणीने बायकांचे कष्ट हलके केले हे चांगलंच झालं. पण ज्या दोन-तीन तासांत त्या आपल्या मनातलं, सासरचं-माहेरचं, लेकीचं आणि विठ्ठलाचं एकमेकींना गाऊन सांगत, तो वेळही जात्याबरोबर गेला. प्वातवाँ २००४ साली गेले आणि राईरकर २०१० साली गेल्या. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने २०१७ पासून या ओव्या प्रसिद्ध करायला घेतल्या. त्यासाठी जुन्या नोंदींमधली नावं-गावं घेऊन माणसं पुन्हा त्या खेड्यांत गेली आणि गाणाऱ्या बायकांना कॅमेऱ्यासमोर भेटली. काही जणी भेटल्या, काही तोवर या जगात राहिल्या नव्हत्या.

आठवण डोक्यात एखाद्या वहीसारखी ठेवलेली नसते. ती जागेला, वासाला, हाताच्या हालचालीला बांधलेली असते. मानसशास्त्रात याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी १९७५ साली पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही जमिनीवर पाठ करायला दिले. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले. अलीकडे, २०२१ साली, तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल मिळाला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. आपल्याला त्याची गरजही नाही. रिकाम्या खुर्चीवर ‘आठवत नाही बाई’ म्हणणारी आजी हातात सूप दिलं की पाखडता पाखडता बोलायला लागते, हे कोणालाही घरी करून पाहता येईल.

म्हणून मुलाखतीची पहिली तयारी प्रश्नांची नसावी, वस्तूंची असावी. माळ्यावरचा पितळी डबा, शिवणयंत्र, अडकित्ता, आजोबांचा कारखान्यातला पास, जुनं रेशनकार्ड, लग्नातला एकुलता एक फोटो असं काहीतरी समोर ठेवावं. पाटी-पेन्सिल ठेवली तर एका निवृत्त मास्तरांनी मला मोडी अक्षरं काढून दाखवली. त्यांना मोडी येते हे त्यांच्या मुलाला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं. चालता येत असेल तर माणसाला घराबाहेर न्यावं. विहिरीवर, शाळेच्या ओट्यावर, विकलेल्या शेताच्या बांधावर उभं राहिलेलं माणूस खुर्चीतल्या माणसापेक्षा निराळं बोलतं. आणि कॅमेरा थोडा मागे घ्यावा. कमरेपासून वरचं सगळं दिसलं पाहिजे. चेहरा जवळून घ्यायचा मोह होतो, कारण तो चेहरा आपला लाडका असतो. पण भाकरी थापण्याचं, दावं वळण्याचं, आणे-पैचा हिशेब बोटांच्या पेरांवर करण्याचं ज्ञान चेहऱ्यावर दिसत नाही. वहीत लिहून घेतलेल्या आठवणीपेक्षा व्हिडिओचं जास्तीचं देणं हेच आहे: हात, थांबणं, आवंढा, आणि गावाकडची बोली तिच्या खऱ्या हेलासकट. घाटावरची ‘पायजेल’, कोकणातला नाकातला सूर, वऱ्हाडातलं ‘जाऊन राह्यलो’ हे कागदावर अर्धंच उतरतं.

विचारायचं काय? ‘आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असं म्हटलं की आजी म्हणते, ‘माझं काय सांगण्यासारखं?’ आणि ते खरंच आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. प्रश्न लहान हवा आणि त्यात काहीतरी दिसलं पाहिजे. सासरी पहिल्या दिवशी ताटात काय होतं? नवऱ्याला काय म्हणून हाक मारायची? घरात पाणी कोण भरायचं आणि किती खेपा लागायच्या? पहिला पगार हातात पडला तेव्हा नोटा कोणत्या होत्या आणि तो कोणाच्या हातात दिला? बाळंतपणाला सुईण कुठली होती, तिला काय दिलं? शाळा का सुटली? या शेवटच्या प्रश्नावर मी तीन वेगवेगळ्या घरांत तीन बायकांना बराच वेळ गप्प बसलेलं पाहिलं आहे.

मोठ्या घटना इतिहासात नोंदलेल्या असतातच. त्या घटनांमधून घरात काय शिरलं ते विचारावं. १९७२चा दुष्काळ किती जिल्ह्यांत पडला हे सरकारी कागदांत मिळतं. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चव कशी होती, दुष्काळी कामावरची सुकडी मुलांसाठी पदरात बांधून कशी आणली, खडी फोडताना तान्हं मूल कुठे निजवलं, हे मात्र त्या कामावर गेलेल्या बाईलाच माहीत. तीच गोष्ट १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराची. पाणी ओसरल्यावर घरात चिखल किती होता, भांडी ओळखून परत कोणी आणून दिली, पहिली रात्र कोणत्या शाळेत काढली, हे पुण्यातली त्या वेळची मुलं आज साठ-सत्तर वर्षांनंतरही बारकाव्यांनिशी सांगतात.

याला कारण आहे. वयस्कर माणसांना आयुष्यातलं काय आठवतं याचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं, की साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी सर्वांत दाट असतात. पहिली नोकरी, पहिलं घर, लग्न, पहिलं मूल हे सगळं त्या काळात घडतं, आणि माणूस ‘मी अमुक’ म्हणून घडतो तोही तेव्हाच. आता हिशेब करून पाहा. १९४५ साली जन्मलेल्या माणसाची ही दाट वर्षं म्हणजे १९५५ ते १९७५. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, गोव्याची मुक्ती, पानशेत, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, सगळं याच वर्षांतलं आहे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, पुढच्या वर्षी मेट्रिक वजनं यायला लागली. त्याआधी मोठ्या माणसासारखा बाजारहाट केलेले, चिपटं-मापटं-अधोली-पायलीने धान्य मोजलेले, सोळा आण्यांचा रुपया मोडून घर चालवलेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत. पायली प्रत्येक भागात सारखी नव्हती. तुमच्या तालुक्याची पायली केवढी होती हे सांगणारं माणूस कदाचित तुमच्याच वाड्यात असेल.

आपल्या लोकांना सन आठवत नाही, पण काळ पक्का आठवतो. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता’ म्हटलं की जन्म बहुधा १९६८चा, कारण भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. मराठवाड्यात रझाकारांच्या आधीचं आणि नंतरचं असे काळाचे दोन भाग पडतात, लातूर-धाराशिवकडे किल्लारीच्या भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. मुलाखत घेणाऱ्याने या मोठ्या घटनांच्या तारखा जवळ ठेवाव्यात आणि सन विचारून माणसाला गोंधळवू नये. ‘तेव्हा किल्लारी झालं होतं का?’ एवढं पुरतं.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो. आपण आठवणी घ्यायला निघतो तेव्हा आजोबांना खुर्ची देतो आणि आजीला चहा टाकायला सांगतो. आजी बोलायला बसली तरी आजोबा मधेच म्हणतात, ‘तिला काय माहीत, मी सांगतो.’ हे मी इतक्या घरांत ऐकलं की आता बाईशी बोलताना घरातल्या पुरुषांना गोड बोलून बाहेर पाठवतो. सुनेसमोर सासूची काही उत्तरं बदलतात, मुलासमोर आईची बदलतात. नातवंडांसमोर दोघंही मोकळी होतात. म्हणून विचारणारं माणूस शक्यतो नात किंवा नातू असावा.

बायकांना विचारलं की केवढं निघतं याचा एक भक्कम दाखला मराठीत आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या बायका कुठे गेल्या, या प्रश्नाचा माग काढत या दोघी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन बसल्या आणि त्यांच्या तोंडून त्यांची कहाणी घेतली. त्या मुलाखती झाल्या नसत्या तर चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं राहिली असती आणि सभेला जाण्यासाठी घरातून निघताना कोणी अडवलं, पोर कोणाकडे ठेवलं, हे कायमचं गेलं असतं. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८पासून नेमकं हेच करते आहे. सी. एस. लक्ष्मी, म्हणजे तमिळ वाचकांच्या अंबै, यांनी नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांच्यासह उभ्या केलेल्या या संग्रहात बायकांचे आवाज, फोटो आणि चित्रफिती जपल्या आहेत. गिरणगावाचंही असंच. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हे आकडे सगळ्यांना माहीत असतात. पण मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या तोंडून मिळवलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास वाचला (मराठीत तो ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ म्हणून आला) की खानावळीचा, भजनी मंडळाचा आणि चाळीतल्या पाळीपाळीने झोपण्याचा वास येतो. ज्यांचे वडील-आजोबा गिरणीत होते त्यांनी हे पुस्तक मुलाखतीआधी चाळावं. काय विचारायचं ते त्यातून आपोआप कळतं.

व्हिडिओवर आठवणी घेण्याची मोठी परंपरा जगात एका फार दुःखद घटनेतून सुरू झाली. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू लोकांच्या साक्षी १९७९मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात टेपवर घ्यायला सुरुवात झाली. त्यात डोरी लाउब हे मानसोपचारतज्ज्ञ होते, जे स्वतः लहानपणी त्यातून वाचले होते. तो संग्रह पुढे येल विद्यापीठात गेला. त्यानंतर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ साली शोआ फाउंडेशन स्थापन केलं आणि काही वर्षांतच पन्नास हजारांहून जास्त साक्षी गोळा झाल्या, तीसहून जास्त भाषांमधून. या लोकांनी घालून दिलेल्या दोन रीती मी सरळ उचलल्या आहेत. पहिली येलची: प्रश्न कमीत कमी विचारायचे, आणि माणूस थांबला की आपणही थांबायचं. ही रीत पाळणं फार अवघड आहे. समोरचा गप्प झाला की आपल्याला राहवत नाही, आपण पुढचा प्रश्न टाकतो किंवा ‘असू दे, असू दे’ म्हणून पाणी पुढे करतो. मनात दहा आकडे मोजावेत. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला माणूस पुन्हा बोलायला लागतं, आणि जे बोलतं ते आधीच्या अर्ध्या तासापेक्षा खोल असतं. दुसरी रीत शोआची: शेवटी जुने फोटो आणि कागद एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरायचे आणि यात कोण आहे, कुठे आहे, कधीचा आहे हे त्या माणसाच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आपल्या घराघरांत अशा अल्बमांचे ढीग आहेत, ज्यांतल्या निम्म्या माणसांची नावं सांगणारं आता एकच माणूस उरलेलं असतं.

आपल्या फाळणीच्या साक्षी मात्र फार उशिरा गोळा झाल्या. गुनीता सिंग भल्ला या भौतिकशास्त्रज्ञ हिरोशिमाचं स्मारक पाहून आल्या. तिथे वाचलेल्या लोकांचं बोलणं ऐकताना त्यांना वाटलं की फाळणी पाहिलेल्या माणसांचं असं काहीच जपलेलं नाही. त्यातून ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ उभं राहिलं आणि स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन दहा हजारांहून जास्त आठवणी घेतल्या. तोवर घटनेला साठाहून अधिक वर्षं झाली होती. जे तेव्हा तिशीत होते, ज्यांनी घरं सोडण्याचे निर्णय घेतले होते, ते बहुतेक गेले होते. बोलायला उरली ती तेव्हाची मुलं. उल्हासनगरच्या सिंधी घरांतही आता हेच झालं आहे.

‘पण म्हाताऱ्या माणसांना नीट आठवत नाही, ते चुकीचं सांगतात,’ असं काही जण म्हणतात. यावर इटलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे अभ्यासक तेर्नी या पोलाद-कारखान्यांच्या गावातल्या कामगारांच्या आठवणी घेत होते. त्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा एकवीस वर्षांचा कामगार १७ मार्च १९४९ला, नाटो कराराविरोधी निदर्शनात, पोलिसांच्या हातून मारला गेला. पण कित्येक कामगारांनी पोर्तेल्लींना सांगितलं की तो १९५३ साली, कारखान्यातून हजारो लोकांना काढून टाकलं तेव्हाच्या दंगलीत गेला. तारखेत चार वर्षांचा फरक. पोर्तेल्लींनी ही चूक खोडली नाही, तिचा अर्थ लावला. नोकऱ्या गेल्या हा त्या गावाचा खरा घाव होता. आपला पोरगा मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही बोच त्यांना सोसवत नव्हती, म्हणून त्यांच्या आठवणीने त्याचं मरण उचलून त्या मोठ्या लढ्यात नेऊन ठेवलं. खरी तारीख दप्तरात मिळाली. गावाला काय सलत होतं ते चुकलेल्या तारखेने सांगितलं.

म्हणून आजोबा काही चुकीचं सांगत असले तर कॅमेरा सुरू असताना त्यांना दुरुस्त करू नये. घरातला कोणीतरी ‘अहो नाही, तो काका नव्हता, मामा होता’ म्हणून मधे पडतोच. त्याला आधीच सांगून ठेवावं. तीच गोष्ट महिन्याभराने पुन्हा विचारावी आणि दोन्ही जपाव्यात. खरी तारीख वेगळ्या कागदावर लिहून ठेवली की झालं.

काही गोष्टी सांगणाऱ्याला जड जातात. गेलेलं मूल, टाकून दिलेली पहिली बायको, जमिनीवरून भावाशी तुटलेलं बोलणं, जातीवरून सोसलेला अपमान. आधीच सांगावं की नको वाटेल ते सांगू नका, आणि सांगून झाल्यावर नको वाटलं तर काढून टाकू. हे शब्द मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलतो, म्हणजे ते नोंदलेही जातात. एका मावशींनी सांगितलं, ‘हे मी असेपर्यंत कोणाला दाखवू नको.’ ती फाइल मी वेगळी ठेवली आहे आणि त्यात काय आहे ते इथे लिहिणार नाही. डोळ्यांत पाणी आलं तर कॅमेरा बंद करू का, हे त्यांनाच विचारावं. बऱ्याच जणांना बंद करायचा नसतो. आणि घरातल्या कौटुंबिक समूहावर यातलं काहीही त्यांना न विचारता टाकू नये. पन्नास नातेवाइकांनी बदाम पाठवले म्हणून त्या माणसाचा मान राखला गेला असं होत नाही.

तंत्राबद्दल थोडक्यात. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. कॉलरला लावायचा छोटा माइक स्वस्तात मिळतो, तो घ्यावा. पंखा बंद करावा, कुकर खाली उतरवावा, मोबाइल विमान-मोडवर टाकावा आणि आडवा धरावा. दोन मिनिटं घेऊन हेडफोन लावून ऐकून पाहावं. खिडकी माणसाच्या समोर किंवा बाजूला हवी, पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. विचारणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्राची बॅटरी आधी पाहावी. दुपारची झोप झाल्यावरची वेळ बरी. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त ताणू नये, पण बैठका चार-पाच कराव्यात. विसरायला होणाऱ्या माणसांशीही बोलावं. विस्मरणाच्या आजारात कालचं जातं तरी बालपणीचं आणि विशेषतः गाणी, आरत्या, पाढे बराच काळ टिकतात.

जपणूक हा खरा कठीण भाग आहे आणि तिथेच बहुतेकांचं काम वाया जातं. नव्वदच्या दशकात लग्नाच्या, मुंजीच्या व्हिडिओ कॅसेट घरोघरी होत्या. त्या लावायचं यंत्र बनवणारी शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिनेही २०१६च्या जुलैमध्ये ते बनवणं थांबवलं. कॅसेटवरचा चुंबकी थर दमट हवेत खराब होतो, कोकणात तर लवकरच. त्या कॅसेटमध्ये गेलेल्या माणसांचे आवाज असतील तर त्या आत्ताच संगणकावर उतरवून घ्याव्यात. नव्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी. पानशेतच्या पुरात पुण्यातल्या कितीतरी घरांचे कागद आणि फोटो एका दिवसात गेले, हे विसरू नये. तासाभराच्या व्हिडिओला साधारण ४ ते ८ जीबी जागा लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आक्रसून बारीक होतो. मूळ फाइल तशीच ठेवावी. फाइलीच्या नावात तारीख, माणूस, गाव आणि विषय लिहावा. सोबत साध्या कागदावर कोण बोलतंय, कुठल्या मिनिटाला काय आहे, अवघड शब्दांचे अर्थ काय, हे लिहून ठेवलं नाही तर चाळीस वर्षांनी ती फाइल उघडली तरी कोणाला काही कळणार नाही. परदेशात वाढणाऱ्या कित्येक मराठी मुलांना देवनागरी वाचता येत नाही, पण आजीची मराठी कानाला कळते. त्यांच्यासाठी हा कागद त्यांच्या लिपीतही करून ठेवावा.

आत्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आधी शेजारच्या घरून जातं मागून आणलं. त्यांनी ते तुळशीजवळ पायरीसारखं वापरलं होतं. पाळू उचलायला दोघं लागले. पुतण्याने नवा खुंटा तासून बसवला. आत्याने आधी ओल्या फडक्याने दोन्ही दगड पुसले, मग शेरभर ज्वारी मागितली, मग जमिनीवर बसायला कोणाचाही हात घेतला नाही. मोबाइल मी यावेळी दारापर्यंत मागे नेला होता. ओव्या आठवत नाहीत असं ती आधीच सांगून बसली होती. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ती गुणगुणायला लागली, नंतर शब्द आले, एका ओवीत तिने आपल्या मेलेल्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव घेतलं. ते चित्रीकरण एकोणीस मिनिटांचं आहे. चौदाव्या मिनिटाला ती थांबते, कडेला पडलेलं पीठ चिमटीत धरते, अंगठ्याने बोटावर चोळून पाहते आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, ‘भरड पडतंय. टाकी लावाय पायजे ह्येला.’